दिव्यांना नमस्कार

या महिन्यात इरफान मेकॅनिक तिसऱ्यांदा घरी आला होता. आधी फ्यूज बदलला, मग बल्ब, आज नवी बॅटरी. गाडी वीस वर्षांची, काहीतरी बिघडायचंच, म्हणून कुणालाच नवल वाटत नव्हतं.

उद्या संकष्टी. दर संकष्टीला त्र्यंबकराव सुमित्राबाईंना डोंगरावरच्या गणपतीला नेत आणि चंद्रोदयानंतर घाटातून परत आणत.

दिवेलागणीला त्र्यंबकरावांनी बटण दाबलं. संध्याकाळी गाडीचे दिवे लागले की हात जोडायचा त्यांचा रिवाज. आज त्यांचे हात स्टिअरिंगवरच राहिले. "नीट लागले का गं? मला तर मिणमिणतंच दिसतंय. हा इरफान नुसता हात फिरवून जातो बघ!"

सुमित्राबाई गाडीसमोर उभ्या होत्या. डोळे दिपले, म्हणून त्यांनी पदर आडवा धरला. मागच्या भिंतीवरची मुंगीसुद्धा लख्ख दिसत होती. इरफान जवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, गाडीत आता काही दोष नाही."

सुमित्राबाईंनी काचेआडच्या नवऱ्याकडे पाहिलं. यांची नजरच मंदावलीय.

चातुर्मासात खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम.

"नाही हो लागले नीट," त्या म्हणाल्या. "राहू दे. उद्या गच्चीतूनच चंद्र बघू."

"मी म्हणत नव्हतो?" त्र्यंबकराव समाधानानं म्हणाले.

सुमित्राबाईंनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. मग त्या प्रखर उजेडाला दोघांच्या वतीनं नमस्कार केला.