दोन नवरींचा गालिचा

नारिन शहराच्या सभागृहात भरलेल्या हस्तकला मेळाव्यात बुरुलने टांगलेला लोकरीचा गालिचा पाहून आयोजकांचे प्रमुख थबकले. त्यावर दोन नवऱ्या होत्या, हातात हात घेतलेल्या.

"आणि नवरा कुठाय गं?"

"नवरा नाहीच. ही मी, आणि ही चोलपोन." बुरुलने शेजारी उभ्या असलेल्या चोलपोनचा हात सगळ्यांदेखत धरला.

प्रमुखांनी कात्री पुढे केली. "यातली एक कापून काढ, नाहीतर गालिचा उचल."

"उचलते. पण कापणार नाही."

बायकांची कुजबुज सुरू झाली. सगळ्यांच्या नजरा बुरुलच्या आईकडे, तोक्तोकान आपांकडे वळल्या. चोलपोन घरात राहायला आल्यापासून आपांनी लेकीशी बोलणंच टाकलं होतं.

आपा उठल्या. त्यांनी गालिच्याचं एक टोक धरलं, दोघींसोबत तो बाहेर नेला आणि सभागृहाच्या दारासमोर, ऐन वाटेत अंथरला. मग त्यावर ऐसपैस मांडी घालून बसल्या आणि आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात चोलपोनला म्हणाल्या,

"सूनबाई, उभी काय राहिलीस? सासूला चहा ओत."