जुन्या जागेवरची बाई

दातांचा दवाखाना नव्या जागेत आला, तरी त्याचे फोन अजून जुन्याच जागी जात होते. ते दुरुस्त करायला मला बोलावलं होतं.

"हे फोनचं यंत्र महाआळशी," मी रिसेप्शनवरच्या वहिनींना हसत सांगितलं. "फोन कुठे पाठवायचा, तो पत्ता एकदा विचारला की तेच उत्तर धरून बसतं, परत विचारत नाही. जुन्या जागेतलं फोन घेणारं मशीन मी काढलंय, म्हणून फोन लागत नसतील."

"लागतात की!" वहिनी फणकारल्या. "कुणी बाई उचलते. पेशंटना वेळा देते. माझ्यापेक्षा गोड बोलते म्हणे. डॉक्टर म्हणतात, तिलाच ठेवू या!"

मी हसलो खरा, पण ते जुनं मशीन माझ्याच पिशवीत पडलं होतं, एकही वायर न जोडलेलं.

मी यंत्राने धरून ठेवलेला पत्ता पुसला. लगेच टेबलावरचा फोन वाजला आणि खराखुरा पेशंट बोलला. वहिनींचा जीव भांड्यात पडला. खुशीत त्यांनी चहा मागवला.

पहिलाच घोट घेतला आणि खिशातला मोबाईल वाजला.

"पुसलंत ना, दादा?" बाई खरंच फार गोड बोलत होती. "असू दे हो. तुमच्या आईंनी आत्ताच घरचा पत्ता दिलाय. आता मी परत विचारणार नाही."