अनुभवाचा दाखला

कौशल्याला देशाची सीमा नसते. अनुभवाच्या दाखल्यावर मात्र मालकाची सही लागते. दक्षिण युरोपातल्या एका फर्निचर कारखान्याने एका सुताराला नोकरी देऊ केली होती. वर्क व्हिसासाठी तेवढा एकच कागद राहिला होता, आणि मालक म्हणजे सख्खे वडील. त्यांच्या हाताखाली काढलेल्या अठरा वर्षांत त्यांच्या तोंडून कधी 'बरं जमलंय' एवढंही निघालं नव्हतं. खुर्ची केली की ते आधी हलवून बघत.

"काय लिहिलंत, अण्णा?"

"खरं तेच." त्यांनी लिफाफ्याला डिंक लावला. "व्हिसावाल्यांनाच फोडू दे."

व्हिसा कार्यालयाच्या रांगेत तीन तास सुतार लिफाफा उजेडासमोर धरून बघत होता. एक अक्षर लागेल तर शपथ.

खिडकीवरच्या मॅडमनी फोडला.

"काय लिहिलंय हो?"

"'याने जोडलेला सांधा माझ्या बोटालाही लागत नाही. माझ्यापेक्षा सरस कारागीर आहे.'"

"परत एकदा वाचता?"

मॅडमनी वाचलं. मग सहीवर बोट ठेवलं. "हे तुमचे कोण?"

"वडील."

मॅडमनी कागद घडी घालून परत दिला. "नातेवाइकाचा दाखला चालत नाही. दुसरा आणा."