बत्तीचा उजेड

भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये राहणाऱ्या दौलतरावांना वडिलांची जुनी गॅसबत्ती एकदा तरी उजळलेली पाहायची होती. "पेटवू नोका, भडका उडन," त्यांच्या पत्नी तुळसाबाई घाबरल्या. मग दौलतरावांनी महिनाभर खपून बत्तीत होल्डर, वायर आणि बल्ब बसवला.

"आता कोनाले तरी करंट लागन!" म्हणत तुळसाबाईंनी कात्रीनं प्लगच कापून टाकला.

बत्ती नुसतीच हॉलमध्ये टांगली गेली. अंधाऱ्या कोपऱ्यात ती कोणाला दिसेना, म्हणून दौलतरावांनी तिच्यामागे भिंतीवर दुसरा बल्ब लावला.

शेजारची रीना आली आणि बघतच राहिली. "काका, जुन्या बत्तीच्या उजेडाची बातच अलग!"

दौलतरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं.

 

"मंग!" तुळसाबाई म्हणाल्या, "मीच तं यांच्या मागं लागली होती, लावा म्हनून."