फलकावरचं नाव

"भूमिका सासरी जाईपर्यंत मी सांगतो तसंच कर. मंग तुह्या मनानं कर." जंगलखात्याच्या जीपमध्ये बसता बसता शालीकराम एवढंच बोलला होता. रुख्माबाईंनी नुसती मान हलवली. सहा महिन्यांची भूमिका तेव्हा त्यांच्या कडेवर होती.

त्याला एकोणीस वर्षं झाली. तीन महिन्यांची कैद भोगून आल्यावर शालीकरामनं बांधावरच्या मोहाखाली कधी काडी पेटू दिली नाही. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून सारं गाव पाला जाळायचं. हे दोघं झाडून काढायचे. चार वर्षांपूर्वी तो वारला, तरी रुख्माबाईंचा नेम मोडला नाही. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, मग मोहाखाली खराटा.

माघात भूमिकाचं लग्न झालं.

"आता तं खराटा ठेव वो बाई," शेजारची सुशिलाबाई म्हणाली. "पोरगी गेली, नवऱ्याचा शब्द फिटला."

"खराटा माहा आहे," रुख्माबाई म्हणाल्या. "त्याले शब्दाचं काय?"

नवेगाव राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापाशी दर फाल्गुनात, मोह गळायच्या आधी, खुमेंद्र सरांचं व्याख्यान असायचं. वनशास्त्र शिकलेला माणूस, पण बोलणं गावच्या पारावरचं. रुख्माबाई दर वर्षी पहिल्या रांगेत बसत. यंदा निघण्याआधी त्यांनी शालीकरामच्या फोटोला हात जोडले. "पोरगी सुखात आहे. तुमचं आयकून झालं."

सभागृहाच्या दारातच सरांनी गाठलं. "काकू, यंदा फाटकावर कायमचा फलक लावतोय. आग कशी लागली, रान कसं परतलं, सगळं. काकांचं नाव टाकायला जीव होत नाही. गाळू का?"

"पहिले तुमचं बोलणं होऊ द्या, सर."

पडद्यावर बांधावरचा मोह आला.

"पाला जळतो तेव्हा त्यातली रोपंही जळतात," सर सांगत होते. "म्हातारी झाडं उभी दिसतात, पण त्यांच्या पायाशी नातवंडं नसतात. याच झाडाखाली शालीकरामनं काडी लावली आणि उद्यानाचं दोनशे एकर रान गेलं."

लोकांच्या नजरा पहिल्या रांगेकडे वळल्या. रुख्माबाईंची मान दर वर्षीसारखी वर झाली. डोळ्यांत अभिमान मावत नव्हता.

सुशिलाबाईनं कोपर मारलं. "काऊन वो? नवऱ्याची बदनामी होऊन राहिली, अन तू खुश होऊन राहिली?"

"माह्या माणसाचं नाव आयकून राहिली मी."

"आज त्याच झाडाखाली मोहाची एकसष्ट रोपं उभी आहेत," सर म्हणाले. "आसपासच्या कोणत्याच बांधावर दहासुद्धा नाहीत. नवऱ्याची चूक एका बाईनं खराट्यानं भरून काढली. काकू, दोन शब्द बोला."

टाळ्या थांबेनात. रुख्माबाई उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि सावकाश माईकपाशी गेल्या.

सर वाकून हळूच म्हणाले, "मग गाळू ना नाव?"

"गाळू नका, सर. बदला," रुख्माबाई माईकवरच शांतपणे म्हणाल्या. "त्या दिवशी काडी म्या लावली होती."