ऐंशीच्या आत

कल्पिताचा डोळा लागतो न लागतो तोच खाली बुलेट धडधडली. खिडकीची काच थरथरू लागली. तिने उशी कानावर दाबली, पण आवाज भिंतीतून येतच राहिला.

विमानतळावरच्या काउंटरवर रात्रपाळी करून ती सकाळी वर्सोव्याला घरी यायची. आडवी होते न होते तोच तळमजल्यावरचे धर्माकाका त्यांची जुनी बुलेट चालू करायचे. कुठे जायचं नाव नाही. गाडी त्यांच्याच खिडकीला खेटून स्टँडवर उभी, आणि काका शेजारी उभे राहून अ‍ॅक्सिलरेटर पिळतायत. बऱ्याच वेळाने एकदाची बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एकदा ती तशीच खाली उतरली.

"काका, रोज काय हो हे?"

"जुनं इंजिन आहे, पोरी. गरम करायला लागतं."

"मग एक चक्कर मारून या ना. बंदरापर्यंत जा."

"लांब जाता येत नाय."

"निदान दुपारी तरी चालू करा."

काकांनी हँडलवरची धूळ पुसली. "वेळ माझ्या हातात नाय गं."

कल्पिता तणतणत वर आली.

सोसायटीचे सेक्रेटरी अल्पेशभाई तर विषयच टाळायचे. "जाऊ दे ना. त्यांची मिसेस आजारी आहे, अंथरुणाला खिळलीय. सकाळी नर्स येते रोज."

"तेच म्हणते मी. आजारी बाईच्या उशाशी हा माणूस इंजिन पेटवतो. मला वर सहन होत नाही, तिचं काय होत असेल?"

काकांच्या बायकोला, मथुरामावशीला, तिने चांगल्या दिवसांत पाहिलं होतं. त्याच बुलेटवर मागे बसून, मांडीवर मासळीची टोपली घेऊन ती बाजारात जायची. भाव करायला लागली की समोरच्याला बोलूच द्यायची नाही. अशी बाई आता नवऱ्याला एका शब्दाने अडवू शकत नव्हती, याचीच कल्पिताला जास्त चीड यायची.

तिने ऑनलाइन तक्रार केली. उत्तर नाही. पुन्हा केली. "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे." इकडे झोपेवाचून डोकं भणभणायला लागलं. एका रात्री तिने एकाचा बोर्डिंग पास दुसऱ्याच्या हातात दिला. सुपरवायझरने लेखी ताकीद दिली. पुढची चूक म्हणजे घरी बसायचं, हे त्याने तोंडी सांगितलं.

त्या सकाळी ती झोपायला न जाता थेट वाहतूक चौकीत जाऊन बसली, आणि हवालदाराला सोबत घेऊनच उठली.

हवालदाराने सायलेन्सरच्या मागे आवाज मोजायचा मीटर धरला. आकडा ऐंशी डेसिबलच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेला.

"आतली जाळी काढून टाकलीय तुम्ही," तो म्हणाला. "जुनी गाडी असली म्हणून नियमातून सुटका नाही. नवा सायलेन्सर बसवा, नाहीतर गाडी उचलून नेतो."

काकांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "साहेब, ऐंशीच्या आत आवाज असला, तर वरच्यांना माणसाचा आवाज ऐकू येतो का?"

"येणारच. त्यासाठीच तर नियम केलाय."

काका मान खाली घालून आत गेले. कल्पिताला कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं.

नवा सायलेन्सर बसला. दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, पडदा ओढला आणि आडवी झाली. खाली बुलेट चालू झाली, पण आता फक्त गुरगुरल्यासारखी. काच हलली नाही. तिने समाधानाने कूस बदलली.

आणि खालून बाईची किंकाळी आली. लांबलचक, जीव जातोय अशी. मग आणखी एक.

कल्पिता अनवाणीच जिने उतरली. तळमजल्याची खिडकी उघडी होती. आत नर्स मथुरामावशीच्या पाठीवरच्या, पडून पडून झालेल्या खोल जखमेतून जुनी पट्टी सोडवत होती. मावशीने साडीचा पदर तोंडात कोंबला होता. खिडकीबाहेर काका बुलेटचा अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत पिळून उभे होते, आणि गाडी नुसतीच गुरगुरत होती.

कल्पिताला पाहून ते ओशाळले.

"माफ कर, पोरी. उद्यापासून हळू ओरड म्हणून सांगतो तिला."