पुदिना कुणीकडं झुकतो

उदगीरच्या उन्हाळ्यातही घरचा पुदिना मिळावा म्हणून मी तेलाचे चार रिकामे डबे खिडकीत मांडले. तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, शेंडे खुडत राहिले. पण मेला पुदिना उजेड सोडून घरातच झुकायचा. डबे फिरवून फिरवून माझे हात दुखले. सकाळी परत तेच.

गच्चीवर नेले, तर तो जिन्याकडं वाकला. शेवटी वैतागून मी डबे मधल्या खोलीच्या चार कोपऱ्यांत आदळले. "झुक आता कुठं झुकायचं तिथं!"

सकाळी चारही डब्यांतला पुदिना खोलीच्या मध्याकडं वाकलेला होता. मी नवऱ्याला हाक मारली.

"तिथं काय हाय, जोहरा? मोकळी फरशी," आसिफ हसला आणि चहा घेऊन माझ्याकडं आला. पण मधून नाही, भिंतीच्या कडेनं वळसा घालून.

"सरळ का न्हाई आलात?"

"सरळच आलो की."

मी खाली पाहिलं. ही खोली मी रोज झाडते. तरी मधोमध धुळीचा जाड गोल होता, आणि त्यावर आमच्या दोघांचं एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.